एपीएमसीत रेवा हरवली

अरे, परवाचं तुम्हाला सांगितलंच नाही ना! आमच्या ताई-जिजूंनी रेवाला शाळेतून काढलंय, माहितीये ना? आठ वर्षांची पोरगी, तिला घेऊन देशोदेशी फिरतात. म्हणे, जग हीच शाळा. आता आठवडाभर घरी आलेत, म्हणून मी तिला एपीएमसीच्या घाऊक बाजारात आंबे आणायला घेऊन गेले.

पेटीचा भाव विचारायला हात सोडला, वळून बघते तर रेवा गायब! मागे टेम्पो रिव्हर्स घेतोय, हमाल ओरडतायत, "ए बाजू, बाजू!" आणि मी येड्यासारखी "रेवा! रेवा!" करत गाळ्यागाळ्यात घुसतेय. डोक्यात एकच, ताईला काय सांगू? एक गाळेवाला म्हणाला, "मॅडम, पोलिसांना फोन करा."

रडत रडत जिथे हात सोडला होता तिथेच परत आले. तर रिकाम्या पेट्यांच्या मागे बाईसाहेब मांडी घालून बसलेल्या!

"अगं, एवढ्या हाका मारल्या, ओ तरी द्यायचीस!"

"टेम्पो आला म्हणून मी मागे सरकले, मग तू दिसलीच नाहीस. हरवलं की फिरायचं नाही, तिथेच बसायचं. आईने शिकवलंय. आपलं माणूस येतं."

"आणि नाही आलं तर?"

"येतं गं, मावशी," ती माझे डोळे पुसत म्हणाली, "तू तर लगेच आलीस. व्हिएतनामला आई-बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले."