कोणीही अभिनय केलेला नाही

बाई : म्हणजे तुम्ही सही करणार नाही.

दिग्दर्शक : मी नाही कुठे म्हणालो, बाई? विचार करावा लागेल, एवढंच म्हणालो. तुम्ही पत्रात लिहिलंय, 'खुर्ची फेकण्याचा प्रसंग हा सदर विद्यार्थिनीने केलेला अभिनय होता.' अभिनय हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

बाई : प्रवेशाची यादी उद्या दुपारी लागते. तोवर उतरवा.

दिग्दर्शक : बसा तरी आधी. तूही बस, बाळा. केवढी मोठी झालीस पाच वर्षांत. माझ्या मागच्या भिंतीवरचं पोस्टर बघितलंस? तूच आहेस.

मुलगी : हो सर. ओळखलं मी. खुर्ची डोक्यावर आहे.

बाई : आणि खाली काय लिहिलंय तेही वाच.

मुलगी : 'या चित्रपटात कोणीही अभिनय केलेला नाही.'

बाई : हेच वाक्य नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी तिला मुलाखतीत ऐकवलं. मार्क बघितले, खूश झाल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, तू त्या पिक्चरमधली ना? उद्या वॉर्डात राग आला आणि पेशंटच्या अंगावर काही भिरकावलंस तर?

दिग्दर्शक : त्यांनी चित्रपट पाहिलाय?

बाई : तुम्हाला एवढंच ऐकू आलं?

दिग्दर्शक : तसं नाही. वाईट वाटलं मला. पण बघा ना, एका हुशार मुलीला तिच्या रागापायी प्रवेश नाकारला जातो, यात फार मोठा विषय आहे. उद्या यादी लागताना एक छोटा कॅमेरा घेऊन मी...

बाई : कॅमेऱ्याचं नाव काढू नका.

दिग्दर्शक : बरं. पण शाळेचा दाखला असेल ना? उत्तम वर्तणुकीचा?

बाई : दिला. त्या म्हणाल्या, बाई आपल्या पोरीची बाजू घेणारच. दिग्दर्शकाने लिहून दिलं तर विश्वास ठेवीन. तुमचा शब्द माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीपेक्षा वजनदार ठरला, म्हणून तीन जिने चढून आले. गुडघे दुखतात माझे.

दिग्दर्शक : मी दुसरं पत्र देतो. ऐका, 'ही मुलगी मुळात संवेदनशील असून परिस्थितीने तिला कठोर केलं. तिच्या आत एक ज्वालामुखी आहे, पण...'

बाई : ज्वालामुखीला रात्रपाळीला कोण ठेवील?

दिग्दर्शक : बाई, माझी अडचण समजून घ्या. सोळा मुलाखतींत मी सांगितलंय की मी फक्त कॅमेरा ठेवला आणि बाजूला झालो. पुरस्कार त्यासाठी मिळाला. परीक्षकांनी लिहिलं, 'एका वर्गात नऊ भाषांची मुलं, आणि त्यांच्या मनाच्या तळाचा संताप इतक्या खरेपणाने कधीच दिसला नव्हता.' आता मीच लिहून देऊ, की ते नाटक होतं?

बाई : होतंच. तुम्ही आमच्या वर्गात तीन आठवडे बसलात. पहिल्या आठवड्यात काय मिळालं?

दिग्दर्शक : अपूर्णांक.

बाई : दुसऱ्या?

दिग्दर्शक : अपूर्णांकांचा भागाकार. मुलं एकमेकांना आपापल्या भाषेत समजावत होती. गोड होतं, पण गोड किती दाखवणार? माझ्या निर्मात्याने फोनवर विचारलं, भांडण कधी होणार? मी मुलांना हात जोडून म्हणालो, तुम्ही जसे आहात तसे वागा.

बाई : ती तशीच वागत होती. तुमचा चेहरा उतरायला लागला, तशी पोरांना तुमची दया आली.

दिग्दर्शक : दया?

मुलगी : सर, तुम्ही डबा खात नव्हता. जिन्यात बसून असायचात. आम्हाला वाटलं, तुमची नोकरी जाणार. मग मधल्या सुट्टीत सगळ्यांनी ठरवलं की काहीतरी करून दाखवू. चिठ्ठ्या टाकल्या. माझं नाव निघालं.

दिग्दर्शक : चिठ्ठ्या टाकल्या?

मुलगी : हो. नाव निघाल्यावर मी बाईंना विचारायला गेले, की कुठली खुर्ची फेकू.

बाई : अडगळीच्या खोलीतली दिली. तिचा पाय आधीच निखळलेला होता. चांगली मोडली असती तर मुख्याध्यापकांनी माझ्याकडून खुलासा घेतला असता.

दिग्दर्शक : तुम्हाला माहीत होतं? आणि ती फेकली तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे भाव आले, त्यावर एका बाईंनी प्रबंध लिहायला घेतलाय.

बाई : पाय उडून खिडकीच्या काचेवर जाईल की काय, ही काळजी होती. लिहू दे त्यांना. आणि फेकून झाल्यावर हिने खुर्ची उचलून जागेवर ठेवली, माझी माफी मागितली. ते कुठे गेलं?

दिग्दर्शक : ते... लय बिघडत होती.

बाई : ते ठेवलं असतंत तर आज ही पोर इथे बसली नसती.

दिग्दर्शक : ठीक आहे. खुर्ची ठरवलेली होती, मान्य. पण नंतर ती जे बोलली ते कोणाच्या बापाला ठरवता येणार नाही. स्वतःच्या घरच्या भाषेत, सलग दीड मिनिट. मला एक शब्द कळला नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला. ते आतून आलं होतं. ते तू नाकारू शकत नाहीस, बाळा.

मुलगी : सर, तुम्ही म्हणालात, बोल, काहीही बोल, थांबू नको.

दिग्दर्शक : आणि तू बोललीस. 'आमचं आयुष्य तुम्ही कधी विचारलंत? आम्ही कोणाच्या भाषेत रडायचं?'

मुलगी : ते पडद्यावर खालच्या पट्टीत लिहून आलं. मी तसं नव्हते बोलले.

दिग्दर्शक : शब्दशः नसेल. भाव तोच.

मुलगी : मी तेराचा पाढा म्हणत होते.

दिग्दर्शक : काय?

मुलगी : आजीने आमच्या भाषेत शिकवला होता. न थांबता बोलता येईल असं दुसरं काही पाठ नव्हतं. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तेरा सत्तेला अडकले, तेवढीच एकदा थांबले.

दिग्दर्शक : ती शांतता. त्या शांततेवर अर्धं पान छापून आलंय. 'एका पिढीचा कोंडलेला हुंदका.'

मुलगी : एक्क्याण्णव आठवत नव्हते, सर.

बाई : पट्टीवरचा मजकूर कोणी लिहिला?

दिग्दर्शक : मी. तिचे डोळे बघून लिहिला.

बाई : तिला विचारावंसं नाही वाटलं? किंवा तिच्या आईला? चार गल्ल्या सोडून राहतात.

दिग्दर्शक : विचारलं असतं तर ते उत्स्फूर्त राहिलं नसतं. थांबा, चित्रपटाचा एक खेळ आठवला. मागच्या तीन रांगा नेमक्या त्याच प्रसंगाला हसल्या होत्या. मी बाहेर येऊन म्हणालो, आपला प्रेक्षक दुसऱ्याचं दुःख बघायला अजून तयार नाही.

मुलगी : ते आमच्या चाळीतले होते. माझी मावशी तर पाढा पुढे म्हणायला लागली होती.

दिग्दर्शक : हे कोणाकोणाला माहीत आहे?

बाई : ज्यांना ती भाषा येते त्या सगळ्यांना. तुम्हाला अजून कोणी सांगितलं नाही, कारण त्यांना कोणी विचारत नाही. पण मला वर्तमानपत्राच्या संपादकांचा पत्ता ठाऊक आहे, आणि माझं अक्षर सुवाच्य आहे.

दिग्दर्शक : तुम्ही मला धमकी देताय?

बाई : हो. मला तर वाटलं, खुर्ची फेकल्यावरच तुम्हाला कळेल. पण ही इथली चांगली दिसते.

दिग्दर्शक : पुढच्या महिन्यात मला परदेशात याच विषयावर बोलायला बोलावलंय. खरेपणाची पद्धत.

बाई : जा की. पत्र फक्त प्राचार्यांच्या फायलीत राहील. पाढ्याचं आम्ही कुठे बोलणार नाही. सही खाली करायची. नाव पूर्ण लिहा आणि पुरस्काराचा उल्लेख करा, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल.

(दिग्दर्शक पत्र दोनदा वाचतो. पेन शोधतो. बाई आपलं पेन पुढे करतात. तो सही करतो.)

दिग्दर्शक : घ्या. झालं समाधान?

बाई : तारीख राहिली.

दिग्दर्शक : ही घ्या तारीख. आता एकच विचारतो, बाळा, आणि खरं सांग. पत्र तुझ्या हातात आहे, आता काही बिघडणार नाही. तो संताप सगळा खोटा होता? इतकी माणसं रडली. त्या दिवशी तुला आतून थोडाही राग नव्हता?

मुलगी : नाही सर. त्या दिवशी खूप मजा आली होती. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, डबा खाल्लात, आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

दिग्दर्शक : कधीच राग आला नाही?

मुलगी : मुलाखतीतून बाहेर पडले तेव्हा आला. खूप आला. अजून आहे.

दिग्दर्शक : आत्ता? तासभर समोर बसली आहेस. मला कुठे दिसला नाही तो.

मुलगी : दिसला असता तर तुम्ही म्हणाला असतात सर, बघा, अशीच आहे ही.