रिकाम्या जागी शून्य

औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत शिंपी बायकोची चिठ्ठी घेऊन उभा होता. पुढे दोघी बोलत होत्या, गळ्यात ह्याच हॉस्पिटलच्या आकडेवारी विभागाची ओळखपत्रं.

"नव्या गोळीचा तक्ता गेला?"

"गेला एकदाचा. प्रोग्राममधून सीएसव्ही फाइल काढून दिली, एक्सेलमध्ये उघडेल अशी. तर साहेब खेकसले, हे जागोजागी एनए काय आहे?"

"माहिती नाही म्हणून एनए, एवढंही कळत नाही त्यांना?"

"सांगितलं ना! बावीस जण दुसऱ्या तपासणीला आलेच नाहीत. दुखणं दहापैकी किती, हे विचारू कोणाला? म्हणाले, तक्ता घाण दिसतो, शून्य टाक."

"आणि तू टाकलंस?"

"एका ओळीचं तर काम. फाइल काढतानाच सांगायचं, एनएच्या जागी शून्य."

"अगं, पण ते आले का नाहीत?"

"नऊ जण गेले."

"गेले म्हणजे?"

"म्हणजे गेले. त्यांचं दुखणं आता शून्य. सरासरी कशी झकास खाली आली!"

दोघी आपापल्या गोळ्या घेऊन निघून गेल्या. शिंप्याने चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली, तिच्यावरचं बोट मात्र काढलं नाही.

"सोडा की, काका," आतला औषधवाला म्हणाला. " काकूंसाठी ना? नवी गोळी आहे. हिने भल्याभल्यांचं दुखणं थांबलंय."