गुरवाची कंबर आणि आंघोळीआधीचा नैवेद्य

बसलात का नीट, मंडळी? अहो ते खांबामागचे, पुढे या! तिथून देव दिसत नाही, प्रसादाचं पातेलं दिसतं — ठाऊक आहे मला!

आता सांगा. मधलं सगळं गाळलं आणि नुसतं शेवटचं फळ मागितलं, तर मिळतं का हो? नाही म्हणता? तोंडानं म्हणता! बरं, ऐका.

माळशिंगी गावात नागोजी गुरव, देवळाचे पुजारी. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेवर चढून माथ्याचा दिवा लावायचा मान त्यांच्या घरचा, बापजाद्यांपासून! पण गेल्या वर्षी काय झालं? निम्म्यात गेले आणि कमरेत उसण! वर जाता येईना, खाली येता येईना — पालीसारखे चिकटले दगडाला! शेवटी शिडी लावून उतरवले. चुलतभाऊ जानू सगळ्यांसमोर म्हणाला, "नागू, पुढच्या साली जमलं नाही, तर मान आमच्या घरात. कबूल?"

काय करतील बिचारे? "कबूल!"

आता, त्यांची सून रोहिणी सकाळी सभामंडपात बायकांना योगासनं शिकवायची. ठरलेल्या क्रमाची! आधी अंग मोकळं करायचं, मग उभ्यानं, मग बसून, शेवटी शवासन. रोज तेच, त्याच ओळीनं. ती म्हणाली, "मामंजी, या की. कंबर सुटेल."

गेले! पहिल्या दिवशी वाकले — आई गं! दुसऱ्या दिवसापासून हे महाराज कधी उगवायचे? थेट शवासनाला! आडवे व्हायचे आणि असे घोरायचे, की बायका हसून लोळायच्या! वर सुनेलाच म्हणतात, "शवासन एकदम जमलं बघ मला!"

अहो, न जमायला काय झालं? आपण सगळेच त्यात पारंगत आहोत!

मग एके दिवशी गेले दीपमाळेकडे, अंदाज घ्यायला. थोडं चढले — कट्! परत उसण. घरी येऊन कुणावर चिडले? सुनेवर! "थोतांड आहे तुझा योग!"

दुसऱ्या दिवशी पहाटे नागोजींनी गाभारा उघडला, देवावर कालचंच निर्माल्य — आणि पोरीनं शिऱ्याची वाटी नेऊन देवापुढे ठेवली!

नागोजी किंचाळले, "अगं, अगं! आंघोळ नाही, गंध नाही, फूल नाही — आणि थेट नैवेद्य? क्रम काही आहे की नाही?"

"म्हणजे क्रम लागतो होय, मामंजी?" — आणि सूनबाई गालात हसली.

गुरव स्वतःही हसले. वाटी उचलून म्हणाले, "पोरी, उद्यापासून मी पहिल्यापासून येतो."

आणि आले! कण्हत आले, शिव्या घालत आले, पण रोज आले. हळूहळू हात गुडघ्यापाशी, मग नडगीपाशी, आणि दिवाळीच्या सुमाराला — अहो, घंगाळ एकट्यानं उचललं!

त्रिपुरी पौर्णिमा आली. सांजवेळ, ढोल तयार, गाव गोळा. आणि नागोजींनी काय करावं? धोतराचा काचा मारला आणि दीपमाळेच्या पायथ्याशीच आसनं सुरू! जानू ओरडला, "नागू, चढतोस का नाचतोस?"

"थांब रे! देवाची आंघोळ चाललीय!"

चढले. गेल्या वर्षीच्या जागी आले आणि थबकले. ढोल बंद! जानूनं मान ताणली. रोहिणी पायथ्याशी धावली. "मामंजी!"

"श्वास घेतोय गं! तूच शिकवलंस ना?"

आणि सरसर वर! माथ्याचा दिवा लागला, मंडळी! सगळं गाव ओरडलं. सगळ्यात मोठ्यानं कोण? जानू!

वरून नागोजींचा आवाज — "सूनबाई, आता शवासन करू का?"

"आधी खाली उतरा! क्रम चुकतोय!"

हसलात? हसा, हसा! उद्या सकाळी अंथरुणातच पहिलं आसन गाळाल, तेव्हा आठवा ही वाटी. शरीर देवानंच दिलंय ना? मग त्याचीही पूजा ओळीनं करा, रोज, कण्हत का होईना.

आता आधी गजर, मग आरती, मग प्रसाद. आणि ते खांबामागचे — चपला घालून निघालात कुठं? काढा परत! पातेलं मी माझ्या मागं ठेवलंय!