खंडेनवमीचं ड्रिल

रायभान : मशीन खाली ठेव. आधी खाली ठेव, मंग तोंड चालव.

रेणुका : सायकलीचे दोन गाइड झाले, अण्णा. एक ऱ्हायलाय. झाला की ठेवते.

रायभान : हळदकुंकू वाहिलंय त्याच्यावर! सकाळी तुझ्या आईनं निवद दाखवला, अन् तू पाटावरून उचलून आणलंस? आज खंडेनवमी हाय. वेल्डरच्या घरात आजच्या दिवशी साधा खिळा ठोकत न्हाईत.

रेणुका : माहितीय. पाया पडूनच उचललं.

रायभान : लई उपकार केले देवावर.

रेणुका : मंग काय करू? उद्या सकाळी जालन्यात सायकल रेसची निवड हाय. राज्याच्या टीममध्ये आपल्या जिल्ह्यातून एकच पोरगी घेणार. पोळ्यापासून तुमच्या मागं लागले, गाइडाची भोकं मोठी करून द्या म्हणून. आज करतो, उद्या करतो. अमक्याचा नांगर आलाय, तमक्याची ट्रॉली आलीय. सगळं तीर्थपुरी गाव जोडलंत तुम्ही, माझीच सायकल दिसली न्हाई.

रायभान : दिसली न्हाई? ती फ्रेम कोणी बनवली? पाइपाला पाइप कोणी जोडला? अन् हे ब्रेकच्या तारेचे गाइड! फवारणी पंपाच्या पितळी नळीतून कापले मी. कानशीनं घासून बोटं सोलली माझी. अन् तू त्यालाच भोसकून राह्यलीस.

रेणुका : गाइड मजबूतच हायेत. पण तोंड बारीक हाय. तारेवरचं कव्हर तिथंच थांबतं अन् पुढं तार उघडी पडते. आपली काळी माती बसली की तार अडकते. भोक मोठं केलं, कव्हर पार मागच्या ब्रेकपर्यंत अखंड नेलं, की भानगड मिटली. किती वेळा सांगू?

रायभान : मला शिकवू नको. तुझ्या जन्माच्या आधीपासून टाके मारून राह्यलो मी.

रेणुका : म्हणूनच सांगावं लागून राह्यलं.

रायभान : जीभ पाहा हिची! कॉलेजात हेच शिकवतात का?

बायनाबाई (आतून) : आवं, जरा हळू! घरात घट बसलेत अन् बापलेकीचं हे असं. गल्ली कान लावून बसली असंल.

रायभान : तूच लाडावून ठेवलीस हिला.

बायनाबाई : मी? सायकल काय मी बनवून दिल्ती?

रायभान : तू चुलीकडं बघ. अन् रेणके, एक सांगतो. बदनापूरच्या रेसला पडलीस, ती तारेनं न्हाई पडलीस. घाबरलीस अन् ब्रेक दाबून धरला.

रेणुका : मी ब्रेक सोडल्ता. तारेनं सोडला न्हाई. चाक जाम झालं.

रायभान : घाबरलीस.

रेणुका : गळ्याखालचं हाड माझं मोडलं, अण्णा. मला माहीत नसंल काय झाल्तं ते?

रायभान : आलीस ना शेवटी तिथंच! म्हण की सरळ, बापाच्या हातानं पडले म्हण.

रेणुका : गावात कोणाला म्हणले का मी तसं? एकाला तरी? माझाच तोल गेला म्हणून सांगितलं. मामालाबी तेच सांगितलं.

रायभान : कोणी सांगाय लावल्तं?

रेणुका : कोणी न्हाई. पण घरातबी तेच बोलायचं का? खंडेनवमी आज आली. पोळ्यापासून कोणती नवमी व्हती? भोक मोठं केलं की गाइड चुकला म्हणावं लागतं, म्हणून तुम्ही हात लावला न्हाई. मला लई राग येतो अण्णा त्याचा. पडल्याचा न्हाई येत, ह्याचा येतो.

रायभान : झालं बोलून?

रेणुका : झालं.

रायभान : मंग कर काय करायचं ते. उद्या मी जालन्याला येत न्हाई.

रेणुका : नका येऊ.

रायभान : बिलकुल येत न्हाई.

रेणुका : ऐकलं एकदा.

(ड्रिल मशीन सुरू होतं.)

रायभान : वाकडं चाललं.

रेणुका : चालू द्या.

रायभान : अगं, पितळेखाली फ्रेमचा पाइप हाय. त्यात शिरलीस तर भर रस्त्यात फ्रेम मोडंल. ह्या बारीला नुसत्या हाडावर भागायचं न्हाई.

रेणुका : मंग धरा की मशीन तुम्ही!

रायभान : खंडेनवमीला हत्याराला हात लावत न्हाई मी. माझ्या बापानं लावला न्हाई, मी लावला न्हाई.

रेणुका : मंग बघू नका. आत जा.

रायभान : घसरलं... घसरून राह्यलं ते! बंद कर. बंद कर म्हणलं ना!

रेणुका : हे काय? हात लावलात तुम्ही.

रायभान : हत्याराला कुठं लावलाय? तुझ्या हाताला लावलाय. हां, अशी सरळ धर. आता चालू कर.

रेणुका : अण्णा, आता सरळ चाललंय का?

रायभान : गप. समोर बघ. दाबू नको, त्याचं ते जातंय.