ट्रेसिंग काढायचं न्हाय

आमच्या पुण्याच्या साहेबांची गंमत ऐका. व्हिडिओ कॉल लागल्या लागल्या म्हणाले, “अरे वा, कसबा बावड्यातून पण आवाज एकदम स्वच्छ येतोय!”

आमच्या गावावरचा टोमणा मी गिळला. ओपन सोर्स कर्नलच्या, म्हंजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, पोटात काय चाललंय ते टिपणारं ट्रेसिंग मी महिनाभर खपून त्यात बसवलं हुतं. साहेब म्हणाले, “ते काढून टाक. त्यानं मशीन रडायला लागतं.”

“न्हाय काढणार.”

शेजारच्या इम्राननं टेबलाखालून लाथ मारली. “गप की!”

साहेब तापले. “ट्रेसिंग चालू ठेवून साधा व्हिडिओ कॉल तरी करून दाखव!”

म्हटलं, “मघापासून त्याच कर्नलवरनं बोलतोय की साहेब, ट्रेसिंग चालू ठेवून. आवाज अजून स्वच्छ येतोय न्हवं?”