ओरडा खाल्ल्याची मिठाई

आधी ही संदेश मिठाई घ्या, मग सांगतो कशाची ते. माझी वहिनी इथे कोलकात्यातच एका हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. दरारा असा, की ती आली की पेशंटसुद्धा नीट झोपतात.

परवा नर्सेसचं जादा ट्रेनिंग होतं. चूक दिसली की बिनधास्त बोला, कुणी रागावणार नाही, असं शिकवत होते. बोला म्हटल्यावर सगळ्या गप्प! शेवटी वहिनीच उठली. म्हणाली, “आज सकाळी मी भलत्याच पेशंटचं इंजेक्शन उचललं होतं. टोचायच्या आत लक्षात आलं, म्हणून निभावलं.”

तेवढ्यात जवळच्या बजबज गावाहून येणारी नवी नर्स चाचरत म्हणाली, “दीदी, मी पाहिलं होतं. तुमच्या भीतीने बोलले नाही.”

वहिनी म्हणाली, “अगं, मग माझ्या दराऱ्यापायी माणूस गेला असता की! यापुढे मला अडवायचं. सगळ्यांसमोर.”

आज त्याच मुलीने भर वॉर्डात आवाज चढवला, “दीदी, थांबा! आधी हात धुवा!”

येताना वहिनीने हा बॉक्स आणला. मी विचारलं, “कसला आनंद?”

म्हणाली, “आज मला पहिला ओरडा बसला!”