बुवांचा घाम

या, असे जवळ सरकून बसा. निजामाच्या राज्यातली, औरंगाबादेतल्या एका हकीमसाहेबांच्या ओट्यावरची गोष्ट सांगतो. भर उन्हाळ्यात कीर्तनकार बद्रीनाथबुवा तिथं तापल्या अंगानं बसले होते. शेजारी खोकल्याच्या औषधासाठी आलेल्या ताहेराबी.

"बुवा, तोंड लालेलाल झालंय तुमचं."

"अंग तव्यावानी तापलंय, ताहेराबी. संध्याकाळी कीर्तन हाय. उभं राहवंल का नाय, धाक वाटतोय."

"घाम येतोय का?"

"त्योच तर बंद केलाय! कीर्तनात अंगरखा पाठीला चिकटतो, लोक हसत्यात. म्हणून कालपासून पाणी पिणंच सोडलं."

"या अल्ला! अहो, घामानंच अंग गार राहतं. माठ पाझरतो, तवाच त्यातलं पाणी थंड व्हतं ना?"

"व्हय की! आन् मी जन्मभर वरडतोय, देह म्हंजे मातीचं मडकं. समद्या गावाला कळलं, मडक्यालाच कळलं नाय!"

"हसू नका. माझ्या सुरईत मीठ-साखरेचं पाणी हाय. पर आमच्या हातचं चालंल का तुम्हाला?"

"सगळ्यांत एकच देव, हे सांगून सांगून तर घसा सुकलाय, बाई. ओता."

संध्याकाळी बुवा घामानं निथळत कीर्तनाला उभे राहिले, आणि लोक पोटभर हसले.

उन्हातून येऊन पाण्याला तोंड लावाल, तेव्हा त्या ताहेराबींची आठवण असू द्या.